सत्यवतीबाईंच्या वेबसाइटवरची एक ओळ

वेबसाइटवर काय लिहावं, हे विचारायला अजूनही माझ्याकडे लोक येतात. मी त्यांना सरळ सांगतो, खोटं लिहा. नयनरम्य लिहा, सोनेरी वाळू लिहा, घरगुती आपुलकी लिहा. त्याने कोणाचं भलं होत नाही, पण वाईटही होत नाही. खरं मात्र लिहू नका. खऱ्याने काय होतं ते मी खडपवाडीच्या किनाऱ्यावर उभं राहून बघितलंय, आणि ते लिहिणारा हात माझाच होता. लोक हसतात, मास्तरांचं डोकं फिरलं म्हणतात. फिरलं असेल. तीस वर्षं टाइपरायटरच्या खडखडाटात काढलेलं डोकं आहे ते.

मालवणच्या बाजारात माझा टायपिंगचा क्लास होता. दहावी नापास पोरांपासून तलाठ्याच्या मुलीपर्यंत सगळे माझ्याकडे बोटं बडवून गेले. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवनंतर हळूहळू विद्यार्थी आटले. मग मी चार मशीनं भंगारात दिली, दोन कॉम्प्युटर घेतले आणि बोर्डावर 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं. येणारे बहुतेक अर्ज, बायोडाटा आणि लग्नपत्रिका लिहून घ्यायचे. मजकूर नीट करून द्यायचा माझा हातखंडा होता, निदान मला तसं वाटायचं.

सत्यवती तारी ही खडपवाडीची. मालवणपासून रिक्षाने अर्ध्या तासावरची वाडी, सगळी घरं मासेमारीवर. तिचा नवरा भिकाजी रापणीत होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत नेतात आणि दोन टोकांचे दोर वाळूवर आणतात. मग दोन रांगा करून माणसं ते ओढतात. एकट्याच्या मालकीची रापण नसते. वाडीतल्या पंचवीस-तीस घरांचा संघ असतो, आणि मासळीचे वाटे पडतात. सभासदांचे वाटे ठरलेले. त्याखेरीज एक जुनी रीत होती. दोरीला जो हात लावील त्याला वाटा. मग तो रस्त्याने जाणारा पोस्टमन का असेना. दोन बांगडे, चार बांगडे, पण त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

भिकाजीने कावीळ अंगावर काढली आणि नव्व्याण्णव साली तो गेला. संघाने रीतीप्रमाणे वर्षभर त्याचा वाटा घरी पोचवला आणि मग बंद केला. वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून वाळूवर आली आणि उत्तरेच्या रांगेत पाचव्या जागी दोर धरून उभी राहिली. ती भिकाजीची जागा. बायका टोपल्या घेऊन मासळी न्यायला येतात, दोराला उभ्या राहत नाहीत. थोडी कुजबुज झाली. रापणीचा मुख्य गणपत तांडेल. तो भिकाजीच्या बरोबरीचा, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "दोरयेक हात लावल्यान, वाटो देवक व्हयो." विषय संपला.

तेव्हापासून तिने एक दिवस चुकवला नाही. मला एकदा म्हणाली होती, "थंय उभी रवलंय काय माका बरा वाटता, मास्तरानू. बाकीचो दिवस मगे कसोय जांवदे." वाट्याच्या चार माशांसाठी ती जात नव्हती हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. त्या बाईजवळ तिची म्हणावी अशी तेवढी एकच जागा उरली होती.

दोन हजार चार साली तिच्या दिराचा मुलगा नितेश कुडाळहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आला. हुशार पोरगा, डोळ्यांत चमक. काकीच्या घरात दोन खोल्या रिकाम्या, समुद्र दारात, पर्यटक तारकर्लीपर्यंत येऊ लागलेले. त्याने ठरवलं, न्याहारी निवास काढायचा आणि त्याची वेबसाइट करायची. मजकुरासाठी तो माझ्याकडे आला. मी माझी सगळी ताकद लावली. 'अरबी समुद्राच्या कुशीत, माडांच्या गर्द छायेत वसलेल्या निसर्गरम्य खडपवाडीत आपले सहर्ष स्वागत' इथून सुरुवात. अडीच पानं झाली. नितेश म्हणाला, मास्तर, एक नंबर. मीही खूश. चार महिन्यांत एक फोन आला, तो चुकून लागलेला होता.

मग एका दुपारी मासळी विकून परत जाताना सत्यवतीबाई स्वतः माझ्या दुकानात आली. टोपली पायरीवर ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, काय लिवलास ता माका वाचून दाखवा. मी ठसक्यात वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ह्या खंयच्या गावाचा लिवलास?"

मला राग आला. म्हटलं, बाई, अशीच भाषा लिहितात, लोकांना आवडते. ती म्हणाली, मग लोक येणत कित्याक नाय? मी पान पुन्हा वरपासून चाळायला लागलो. ती म्हणाली, रिक्षेतून उतरल्यावर पावण्याक मी काय सांगतलंय, ता लिवा. आणि सांगायला लागली. मी उगाच तिची समजूत काढायला म्हणून टाइप करत गेलो. तिचं मालवणी सरळ मराठीत घातलं, एवढंच माझं काम. ते असं झालं:

'खोल्या दोन आहेत. संडास घराच्या मागे वीस पावलांवर आहे, अंधारात जायला बॅटरी देतो. लाइट दिवसातून दोनदा जाते. मासे मिळाले तर मासे, नाहीतर डाळभात आणि सोलकढी. सोमवारी मासे नाहीत. जून ते नारळी पौर्णिमा येऊ नका, तेव्हा समुद्र आमचाही नसतो. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला मी परत घरात घेत नाही. सकाळी सातला रापण ओढतात. दोरीला हात लावा, वाटा मिळेल. त्याचे पैसे नाहीत.'

संपलं. अर्धं पानही नाही. संडासाची ओळ तरी काढू या म्हणून मी तिच्या विनवण्या केल्या. ती म्हणाली, हयसर इल्यार कळतलाच मा? मग आधी कळलेला बरा. नितेशने तोंड वाकडं केलं, पण काकीपुढे बोलायची टाप नव्हती. अडीच पानं गेली आणि हे आलं.

आणि काय सांगू, दोन आठवड्यांत फोन सुरू झाले. पुणे, डोंबिवली, बेळगाव, कोल्हापूर. लोक फोनवर पहिलं हेच विचारायचे, त्या संडासवाल्याच ना तुम्ही? एक प्राध्यापक बाई म्हणाल्या, सगळ्या जगात खरं बोलणारी एवढी एकच वेबसाइट आहे. पाहुणे यायचे, डाळभात मिळाला तरी कुरकुर नाही, कारण आधी सांगितलेलं. आणि सकाळी सातला दोराला लागायचे. नवराबायको, शाळकरी पोरं, एखादा निवृत्त साहेब. चौघं-पाच जण. गणपत तांडेल त्यांना कुठे उभं राहायचं ते दाखवायचा, मागाहून चार बांगडे त्यांच्या हातावर ठेवायचा. ते चार बांगडे माणसं अशी काही मिरवत आणायची की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. सत्यवतीबाई तेच तळून त्यांच्या पानात वाढायची. मी त्या काळात दोनदा जाऊन राहिलोय. सुख होतं हो ते. उगाच का खोटं बोलू.

पुढे पुण्याच्या एका पेपरात कोणीतरी त्या पानाबद्दल लिहिलं आणि दोरीची ओळ जशीच्या तशी छापली. ते कात्रण मी दुकानात काचेखाली लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. मजकूर कसा असावा, यावर मी दुकानात बसल्या बसल्या भाषणं ठोकायला लागलो. जणू मीच ते बोललो होतो.

तिचं बघून वाडीत दुसरं निवास निघालं, तिसरं निघालं, तीन वर्षांत तिचं सोडून अकरा झाली. सगळ्यांनी वेबसाइट केली, आणि सगळ्यांनी मजकूर हाच उचलला. किती उचलावा? खोल्यांत फरशीचे संडास, तरी पानावर लिहिलेलं, संडास वीस पावलांवर आहे. नितेशने शेजारच्या जागेत भागीदार घेऊन दहा खोल्यांचं रिसॉर्ट बांधलं. त्याचं पान घेऊन तो माझ्याकडेच आला. मास्तर, ह्येच्यात काय कमी आसा? आणि मी, माझ्या जिभेला हाड नसावं, त्याला शहाणपणा शिकवला. म्हटलं, अरे, लोक वरची एकच ओळ वाचतात. ती दोरीची ओळ शेवटी कशाला ठेवतोस? सगळ्यात वर घे, ठळक अक्षरांत. त्याने तशी घेतली. त्याचं बघून बाकीच्या दहा जणांनी घेतली. हे मी केलं. दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येण्यासारखं नाही.

दोन हजार सातच्या नाताळात काय झालं ते ऐका. मी त्या दिवशी मुक्कामाला होतो. सकाळी सातला वाळूवर साठ-सत्तर पाहुणे. नितेशच्या दोन बसच उतरलेल्या. संघाच्या माणसांना दोर दिसेना. टोप्या, गॉगल, हसणं, ओढाताण, मध्येच एकमेकांचे फोटो. जाळं जवळ आलं, मासळी पाण्यात उडायला लागली, आणि ते दृश्य बघायला उत्तरेच्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी दोर सोडून पाण्यात धाव घेतली. दोर सैल पडला. सत्यवतीबाईने कमरेला वेढा घेऊन तो धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि ती वाळूवर चार पावलं घसटत गेली. जाळ्याचं एक अंग खाली बसलं. अर्ध्याहून जास्त मासळी त्या फटीतून निघून गेली, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

राहिलं त्याचे वाटे घालायला गणपत बसला. रीत ती रीत. त्यातही एक बँकेतले साहेब हातात छापलेलं पान घेऊन पुढे आले. म्हणाले, इथे लिहिलंय, वाटा मिळेल, आमचे सात जण आहेत. गणपतने मान वर न करता सात वाटे घातले. सत्तर पाहुण्यांना देऊन झालं तेव्हा सभासदांच्या वाट्याला घरटी पाच-सहा बांगडे आले. त्या बांगड्यांवर त्यांचं घर चालतं. आणि पाहुण्यांनी काय केलं? मासे हातात धरून फोटो काढले, आणि बसमध्ये वास येईल म्हणून तिथेच वाळूवर टाकून गेले.

ते टाकलेले मासे सत्यवतीबाई एकटी वेचत होती. हात दोराने सोललेले. टोपलीभर झाले तसे धुऊन तिने ते गणपतसमोर नेऊन ठेवले. गणपत म्हणाला, "वयनी, ह्ये आमका नको." एवढंच बोलला आणि जाळं झाडायला लागला. मला तिथे उभं राहवेना. ती ओळ माझ्या दुकानात, माझ्या बोटांनी टाइप झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. हाताला हळदीची फडकी बांधलेली. म्हणाली, ती ओळ काढा. मी तिच्यासमोर काढली. तिला वाटलं, झालं काम. मी सांगितलं, बाई, ही तुमच्या पानावरून गेली, पण बाकी अकरा ठिकाणी आहे. तेव्हा ती उठली आणि त्या आठवड्यात अकराही घरं फिरली. कोणी चहा दिला, कोणी पाट दिला, ओळ कोणी काढली नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, आता ता आमचा झाला. शेवटी नितेश. अंगाखांद्यावर वाढवलेला पोर तो. तो म्हणाला, "काकी, दुसरा कायव सांग. ती एक ओळ सोडून."

मी त्याला वेगळं गाठून झापलं. तो म्हणाला, मास्तर, तुम्हीच वर घ्यायला सांगितलीत ना? लोक त्यासाठीच येतात. मी काय बोलणार, कपाळ?

शिमगा झाला आणि देवळाच्या पटांगणात संघाची बैठक भरली. बैठकीला फक्त सभासद. दुसऱ्या सकाळी गणपत तांडेल माझ्या दुकानात आला. पहिल्यांदाच. खुर्ची दिली तरी उभाच. म्हणाला, बोर्ड करायचाय किनाऱ्यावर लावायला, मजकूर लिहून द्या. काय लिहायचं ते सांगितलं. मी विचारलं, आणि सत्यवतीबाई? सात-आठ वर्षं दोर ओढते ती.

तो म्हणाला, "तोंडान चलत होता तवसर तिका कोण काय बोललो नाय. आता लिवचा लागता. लिवलेला सगळ्यांका सारख्याच व्हया. तिचा नाव घातलंय तर उद्या सगळे आपापली नावा घेवन येतले."

मी म्हटलं, मग तिला सभासद करा. तो म्हणाला, घरटी एक पुरुष, असो नेम आसा. तो बदलूचो विषयय बैठकीत इलोलो. तेरा विरुद्ध अकरान पडलो. त्या अकरांत आपण होतो हे त्याने सांगितलं नाही. मला ते नंतर दुसऱ्याकडून कळलं.

मी बोर्डाचा मजकूर लिहून दिला. आणि एक सांगतो, लाज वाटते पण सांगतो. लिहिताना मला बरं वाटत होतं. एक फालतू शब्द नाही. 'रापणीच्या दोरीला संघाच्या सभासदांखेरीज कोणीही हात लावू नये. हुकुमावरून.' खाली तेच हिंदीत आणि इंग्रजीत. वाचणाऱ्याच्या मनात शंका राहू नये असा मजकूर. तिला आधी जाऊन सांगावं, एवढी अक्कल मला सुचली नाही. की धीर झाला नाही, कोण जाणे. गणपतलाही झाला नाही.

बोर्ड लागला त्या सकाळी रंगाऱ्याने काही चूक केली नाही ना ते बघायला मी गेलो होतो. सत्यवतीबाई नेहमीसारखी काष्टा मारून आली. ती चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. बोर्डासमोर उभी राहिली. रांगेतले सगळे पाण्याकडे बघत होते. उत्तरेची पाचवी जागा रिकामी होती, ती अजून कोणी घेतली नव्हती. तिने पूर्ण वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला विचारलं, सभासद म्हणजे नाव लिवलेले ते मा? मी मान हलवली. गणपतने आरोळी दिली, रांगा मागे सरकायला लागल्या, आणि पाचव्या जागेवर सहावा माणूस पुढे सरकला. तिने काष्टा सोडला, निऱ्या सारख्या केल्या आणि बोर्डाजवळच उभी राहिली. जाळं वर येईपर्यंत ती हलली नाही. वाटे पडायला लागले तशी घरी गेली.

तीन-चार दिवसांनी ती दुकानात आली. मला वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर माझ्यावर उपकार झाले असते. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, पानार बदल करूचो आसा. लोक दोरयेसाठी फोन करतत, तेंका आधी कळाक व्हया. मी कॉम्प्युटर लावला. ती सांगत गेली, मी सरळ मराठीत घालत गेलो.

'सकाळी सातला रापण ओढतात. दोरीला हात लावता येत नाही. लांबून बघायची. मी पण लांबूनच बघते.'

शेवटचं वाक्य नको, असं मी म्हटलं. त्याची काही गरज नाही, बाई, पाहुण्यांना काय करायचंय.

"खरा आसा ता," ती म्हणाली. "घाला."

मी घातलं. आणि मजकुराच्या धंद्यातली अक्कल मला अजून नव्हती असंच म्हणायचं, कारण त्या ओळीवर लोक आधीच्या ओळीपेक्षा जास्त भुलले. फोनवर पोरीबाळी हुंदके देऊन सांगायच्या, काकी, आम्हाला तुमच्याकडेच यायचंय. त्या मे महिन्यात तिच्या दोन्ही खोल्या एक दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. अजून राहत नाहीत. सकाळी सातला पाहुणे उठतात, बोर्डाजवळ तिच्या बाजूला जाऊन उभे राहतात, आणि ती लांबून बघत असताना तिचे फोटो काढतात.